शाळेच्या वाटेवरील एक छायाचित्र

एक पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी भर रस्त्याने चालली आहे. अंगात घरी शिवलेला पांढरा पोशाख, त्याच्या घेराला खालच्या बाजूस चौकड्याच्या कापडाची रुंद पट्टी. डोळ्यांवर काळा चष्मा. हाताशी घट्ट धरलेली वही. मान ताठ, ओठ मिटलेले, दृष्टी समोर. तिच्या पाठीशी गोऱ्या स्त्री-पुरुषांचा जमाव आहे, आणि त्या जमावात अगदी तिच्या खांद्यामागे, तिच्याच वयाची एक गोरी मुलगी चालत आहे. तिचे तोंड वेडेवाकडे उघडलेले असून ती पुढच्या मुलीवर काहीतरी ओरडत आहे. छायाचित्राला आवाज नसतो; तथापि हे चित्र पाहणाऱ्या माणसास तो आवाज ऐकू आल्यावाचून राहत नाही.

हे छायाचित्र ४ सप्टेंबर १९५७ रोजी सकाळी अमेरिकेच्या दक्षिण भागातील आर्कान्सॉ राज्याच्या राजधानीत, लिटल रॉक या शहरी टिपले गेले. पुढे चालणाऱ्या मुलीचे नाव एलिझाबेथ एकफर्ड. मागून ओरडणारीचे नाव हेझल ब्रायन. टिपणारा छायाचित्रकार विल काउंट्स. पहिली मुलगी निघाली होती कोठे, तर शाळेत! हातात फलक नव्हता, मुखी घोषणा नव्हती, पाठीशी मोर्चा नव्हता. शाळेच्या पहिल्या दिवशी वही घेऊन निघालेली ती एक विद्यार्थिनी होती.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापली जातात व घरोघरी ती कौतुकाने पाहिली जातात. अशा पानांच्या शेजारी सातासमुद्रांपलीकडील एका मुलीच्या छायाचित्राविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते. आमचे सारे आयुष्य शाळेच्या चार भिंतींत गेले. मूल शाळेच्या दारापर्यंत येते ही गोष्ट किती जणांच्या कष्टांनी घडते, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? परंतु दारात संगीनधारी शिपाई उभे आहेत आणि तरीही मूल येत आहे, असा प्रसंग आमच्या वाट्यास कधी आला नाही. म्हणूनच या प्रसंगाचा इतिहास सविस्तर सांगण्याजोगा वाटतो.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपुष्टात आली खरी. पण दक्षिणेकडील राज्यांनी काळ्या व गोऱ्या लोकांना वेगवेगळे ठेवणारे कायदे केले. आगगाडीचे डबे वेगळे, उपाहारगृहे वेगळी, पाणी पिण्याचे नळ वेगळे, आणि शाळाही वेगळ्या. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ या नावाखाली ही व्यवस्था वैध ठरविली. समानता कागदावरच राहिली. काळ्या मुलांच्या शाळांस गोऱ्या शाळांत वापरून जीर्ण झालेली पुस्तके मिळत. अखेर १७ मे १९५४ रोजी त्याच न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, सरकारी शाळांतील असा वर्णभेद राज्यघटनेस धरून नाही. निर्णय झाला, पण त्याची अंमलबजावणी केव्हा व्हावी याची मुदत काही घालून दिली गेली नाही. मुदत नसलेल्या हुकुमाचे काय होते, हे सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या आपल्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

लिटल रॉकच्या शिक्षण मंडळाने पुष्कळ विचाराअंती एक बेतशीर योजना आखली. १९५७च्या सप्टेंबरात शहरातील सेंट्रल हायस्कूल या गोऱ्यांच्या शाळेत थोडीशी कृष्णवर्णीय मुले घ्यावयाची. ही शाळा १९२७ साली बांधलेली, भव्य, एखाद्या राजवाड्यासारखी, व सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांची होती. प्रारंभी बऱ्याच मुलांनी नावे दिली होती. त्यांतून निवड होता होता व काहींनी आपण होऊन माघार घेता घेता शेवटी नऊ उरली. सहा मुली व तीन मुलगे. एलिझाबेथ त्यांपैकी एक.

येथे आर्कान्सॉचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांचा प्रवेश होतो. तिकडील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालाप्रमाणे वरून नेमलेला नसतो. लोकांची मते घेऊन तो निवडून येतो व राज्याचा कारभार प्रत्यक्ष पाहतो. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री, २ सप्टेंबर रोजी, या गृहस्थांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की, दंग्याचा धोका असल्यामुळे आपण शाळेभोवती नॅशनल गार्ड हे राज्याचे सैन्यदल उभे केले आहे. शांतता राखण्यासाठी सैन्य, असे शब्द; पण त्या सैन्यास हुकूम होता तो काळ्या मुलांना आत न सोडण्याचा. फॉबस हे काही मुळचे कडवे वर्णद्वेष्टे नव्हते, असे त्यांचे चरित्र पाहता दिसते. पण निवडणूक जवळ आली होती व वारा कोणत्या दिशेने वाहतो हे त्यांनी ओळखले होते. त्यांचा हिशेब चुकला नाही. ते एकंदर सहा वेळा गव्हर्नर म्हणून निवडून आले. आम्हांस कडव्या माणसापेक्षा असा हिशेबी माणूस अधिक भयंकर वाटतो.

पहिल्या दिवशी, म्हणजे ३ तारखेस, शिक्षण मंडळाच्या सांगण्यावरून नऊ मुले घरीच राहिली. तेव्हा न्यायालयाने योजना पुढे चालवावी असा पुन्हा आदेश दिला व ४ तारीख ठरली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या त्या राज्यातील अध्यक्षा डेझी बेट्स यांनी आदल्या रात्री मुलांच्या घरी दूरध्वनीवरून निरोप धाडले की, कोणी एकट्याने जाऊ नये, सर्वांनी एके ठिकाणी जमून काही धर्मोपदेशकांच्या सोबतीने शाळेकडे जावे. एकफर्ड कुटुंबाच्या घरी दूरध्वनी नव्हता. निरोप पोहोचला नाही. इतिहासातील एवढे प्रसिद्ध छायाचित्र ज्या कारणाने निर्माण झाले, ते कारण हे एवढेच.

त्या सकाळची हकीगत एलिझाबेथने पुढे सांगितली आहे. तिने आपला नवा पोशाख इस्त्री करून घातला. धाकट्या भावाने दूरचित्रवाणी लावली, तर वार्ताहर विचारीत होता की, आज ती मुले येतील काय? आईने स्वयंपाकघरातूनच ओरडून तो आवाज बंद करावयास लावला. वडील घरातल्या घरात येरझारा घालीत होते. तोंडात चिलमीसारखा पाईप व हातात चिरूट, आणि दोन्ही न पेटलेले! निघण्यापूर्वी आईने सर्वांना एकत्र बोलावून प्रार्थना म्हणविली. मग मुलगी एकटीच नगरपालिकेच्या बसमध्ये बसली व शाळेजवळ उतरली.

समोर जमाव दिसला, शिपाई दिसले. तिला वाटले, हे शिपाई आपल्या रक्षणासाठीच आले असावेत. गोरी मुले त्यांच्या रांगेतून सहज आत जात होती. त्यांच्यामागून ती गेली, तेव्हा शिपायांनी वाट अडविली. तिला समजले की, आपण चुकीच्या ठिकाणी आलो असू. म्हणून ती रांगेच्या कडेने पुढे गेली व पुन्हा प्रयत्न केला. या खेपेस बंदुका आडव्या झाल्या, संगिनी वर उचलल्या गेल्या. तिच्या गुडघ्यांना कंप सुटला, हे तिने स्वतःच सांगितले आहे. मागे वळावे तर जमाव. झाडाला टांगा, असे शब्द कानी येत होते. दक्षिणेत ती केवळ शिवी नसे. तसे प्रत्यक्ष घडत असे, व ते त्या मुलीस ठाऊक होते. जमावात कोणी दयाळू मुखाचे आहे काय म्हणून तिने पाहिले. एका वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर तिला माया दिसली. तिने पुन्हा तिकडे पाहिले, तो ती वृद्धा तिच्यावर थुंकली.

रस्त्याच्या टोकाशी बस थांब्याचे एक बाक होते. तेथवर पोहोचलो म्हणजे सुटलो, एवढाच विचार तिच्या मनात उरला. आपण ज्या छायाचित्राविषयी बोलत आहो ते या बाकाकडे जातानाच्या चालीतले आहे. ती धावली नाही.

काउंट्स हा त्या वेळी पंचविशीतला तरुण, ‘आर्कान्सॉ डेमोक्रॅट’ या स्थानिक वृत्तपत्राच्या नोकरीत होता. तो लिटल रॉकचाच रहिवासी, आणि याच शाळेचा माजी विद्यार्थी. जमावात उठून दिसू नये म्हणून तो साधा चौकड्यांचा सदरा घालून गेला होता. मोठ्या पेटीसारखे कॅमेरे वापरणाऱ्या इतर छायाचित्रकारांपेक्षा त्याच्या हातातील लहान कॅमेरा चपळ होता. एकामागून एक चित्रे घेता येत. तो एलिझाबेथच्या पुढे उलट्या पावलांनी चालत राहिला. एका क्षणी मागच्या मुलीचे तोंड उघडले व कळ दाबली गेली. ते चित्र देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. पुढील वर्षीच्या पुलित्झर पारितोषिकासाठी त्याचा विचार झाला, तथापि पारितोषिक मिळाले ते एका लहान बालकाशी वाकून बोलणाऱ्या पोलिसाच्या चित्रास. तेही चित्र गोड आहे, आमचे त्याच्याशी वैर नाही. पण आज ते किती जणांस आठवते?

आम्ही शाळेत असताना इयत्ता नववीच्या वर्गात हे छायाचित्र एकदा दाखविले होते. मुलांना विचारले, प्रथम काय दिसले? बहुतेक सर्वांनी बोट ठेवले ते मागच्या ओरडणाऱ्या मुलीवर. आम्हांस प्रथम नवल वाटले, मग पटले. क्रोध डोळ्यांत भरतो. धैर्य मात्र शोधावे लागते, कारण ते दिसण्यात काहीच करीत नसते. एलिझाबेथच्या मुद्रेवर वीरश्री नाही, तिरस्कार नाही, फार काय, धीटपणादेखील नाही. काळ्या चष्म्याआड डोळे दडलेले. एका मुलीने मात्र हात वर करून म्हटले, “सर, तिने वही किती घट्ट धरली आहे!” आम्ही ते चित्र कितीतरी वेळा पाहिले होते, पण ती गोष्ट त्या मुलीने आमच्या लक्षात आणून दिली.

भीती नसणे म्हणजे धैर्य, अशी आपली एक समजूत असते व पाठ्यपुस्तकांतील वीरकथांनी ती दृढ होते. या चित्रातील मुलगी भ्यालेली आहे, गुडघे कापत आहेत. तिने केले एवढेच की, भीतीच्या हाती पावलांचा ताबा दिला नाही. पळाली असती तर जमाव मागे लागला असता. उलट उत्तर दिले असते, तर दंगा झाला असता व गव्हर्नरसाहेबांचे भाकीत खरे ठरून त्यांना हवे ते निमित्त सापडले असते. तिने चालण्याचा वेग बदलला नाही, आणि त्या एका गोष्टीने सारा डाव उघडा पडला. दंगा करणारे कोण व दंग्याचा आरोप कोणावर, हे पाहणाऱ्यास कळण्यास मग एकही शब्द लागला नाही.

कोणी म्हणेल, यात राजकीय निषेध तो कोणता? ती तर शाळेत निघाली होती. आमच्या मते निषेध तोच. न्यायालयाने जो हक्क दिला तो शांतपणे बजावण्यासाठी जाणे, अडविले तर हात न उगारणे व मागेही न धावणे, याहून सत्याग्रह निराळा कोणता असतो? मात्र तिला सत्याग्रहाचे शिक्षण कोणी दिले नव्हते. माँटगोमेरी येथील बसवरील बहिष्कार नुकताच, १९५६च्या डिसेंबरात, यशस्वी होऊन संपला होता व मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव सर्वत्र झाले होते. परंतु या नऊ मुलांचे वर्ग घेऊन त्यांस अहिंसा शिकविली, असे त्या सकाळपर्यंत काही घडले नव्हते.

तसे शिक्षण देणारा मनुष्य त्यांना पुढे भेटला, आणि त्याचा आपल्या नागपूरशी संबंध आहे. जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९५३ पासून १९५६ पर्यंत नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करीत होते. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होण्यास नकार दिला म्हणून मायदेशी त्यांनी कारावास भोगला होता. नागपुरात राहून त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि माँटगोमेरीच्या बहिष्काराची पहिली वार्ता त्यांनी वाचली ती ‘नागपूर टाइम्स’ या वृत्तपत्रात. स्वदेशी परतल्यावर ते किंग यांना भेटले व दक्षिणेत जाऊन काम करू लागले. १९५८च्या आरंभी त्यांनी लिटल रॉकला जाऊन या मुलांची भेट घेतली. पुढे नॅशव्हिल येथे त्यांनी विद्यार्थ्यांचे जे वर्ग चालविले, त्यांतून १९६०च्या उपाहारगृहांतील सत्याग्रहाची फळी तयार झाली. लॉसन २०२४ साली निवर्तले. ज्या महाविद्यालयाच्या आवारात हा मनुष्य वावरला, त्याच्यासमोरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज ये-जा करतात!

असो. छायाचित्रामुळे काय घडले ते पाहू. तो काळ अमेरिका व रशिया यांच्या शीतयुद्धाचा होता. आशिया-आफ्रिकेत नवी राष्ट्रे उदयास येत होती आणि स्वातंत्र्याचा व लोकशाहीचा डंका वाजविणाऱ्या देशाच्या एका शाळेसमोरचे हे दृश्य जगभर पसरत होते. प्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग यांनी तर संतापून सरकारच्या वतीने रशियास जाण्याचे नाकारले. न्यायालयाच्या आदेशामुळे फॉबस यांना नॅशनल गार्ड काढून घ्यावे लागले. २३ सप्टेंबर रोजी नऊ मुले बाजूच्या दाराने आत शिरली, पण बाहेर हजाराहून अधिक लोकांचा जमाव खवळला व दुपारच्या आतच त्यांना बाहेर काढावे लागले.

त्याच दिवशी काउंट्सने आणखी काही चित्रे घेतली, ती आमच्या मते पहिल्याच्या तोडीची आहेत. अलेक्स विल्सन नावाचे एक उंचेपुरे कृष्णवर्णीय संपादक बातमीसाठी आले होते. जमावाने त्यांना घेरले, लाथा मारल्या, डोक्यात वीट घातली. पळून जाणे शक्य असता ते पळाले नाहीत. लहानपणी आपण एकदा वर्णद्वेष्ट्यांना भिऊन पळालो होतो व त्यानंतर पुन्हा कधी पळावयाचे नाही असा निश्चय केला होता, असे ते सांगत. खाली पडलेली टोपी उचलावी, तिची घडी नीट करावी आणि पुढे चालावे, असे त्यांनी केले. १९६० साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, ते मरण पावले. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सैन्याच्या १०१व्या विमानवाहित तुकडीचे हजाराहून अधिक जवान लिटल रॉकला धाडले व राज्याचे नॅशनल गार्ड आपल्या ताब्यात घेतले. त्या रात्रीच्या भाषणात त्यांनी स्पष्टच सांगितले की, या प्रकाराने जगात देशाची अप्रतिष्ठा होत आहे व शत्रू त्याचा लाभ उठवीत आहेत. २५ तारखेस सैनिकांच्या कड्यातून नऊ मुले मुख्य दाराच्या पायऱ्या चढून गेली. तीन आठवड्यांपूर्वी एकट्या मुलीला ज्या दारापासून संगिनींनी परतविले, त्याच दारात आता संगिनी तिच्या बाजूने उभ्या होत्या.

सर्वसाधारणपणे ही गोष्ट येथे संपविली जाते. आम्हांस मात्र तिचा खरा भाग येथून पुढे आहे असे वाटते, कारण येथून पुढे कॅमेरा नव्हता. सैनिक दालनांत उभे राहत, पण वर्गात, न्हाणीघरात, जिन्यावर ते कोठवर पुरणार? नऊ मुलांना महिनोन्‌महिने धक्के बसले, लाथा बसल्या, अंगावर थुंकले गेले, कपाटांतील पुस्तके नासविली गेली. एलिझाबेथला जिन्यावरून ढकलण्यात आले. उलट हात उचलावयाचा नाही, हा दंडक. उचलला तर नाव निघून जाणार. त्यांच्यातील मिनिजीन ब्राऊन हिचा एकदा संयम सुटला व शेवटी तिला शाळेतून काढून टाकले गेले. उरलेली आठ वर्षाअखेरपर्यंत टिकली. एर्नेस्ट ग्रीन हा १९५८च्या मे महिन्यात तेथून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. त्या समारंभास प्रेक्षकांत किंग स्वतः बसले होते. पुढील वर्षी फॉबस यांनी शहरातील सर्व सरकारी हायस्कुलेच बंद ठेवली. काळ्यांना शिकू द्यावयाचे नाही म्हणून गोऱ्यांचेही वर्ष बुडविले! शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोठा अविचार तो कोणता?

हजेरीपुस्तकात रोज सकाळी ‘हजर’ असा शेरा घेण्यासाठी त्या आठ मुलांनी जे सोसले, त्याची छायाचित्रे नाहीत. रस्त्यावरचे ते धैर्य काही मिनिटांचे होते. हे नऊ महिन्यांचे.

गर्दीतील एका माणुसकीचाही उल्लेख केला पाहिजे. एलिझाबेथ बाकावर जाऊन बसली तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर बेंजामिन फाइन तिच्या शेजारी बसले व यांना आपले अश्रू दिसू देऊ नकोस असे हळूच म्हणाले. ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाईंनी जमावास फटकारून तिला बसमध्ये चढविले. मुलगी तेथून थेट आईच्या कामाच्या ठिकाणी गेली व तिच्या कुशीत शिरली. लॉर्चबाईंना या उपकाराचे फळ असे मिळाले की, थोड्याच दिवसांत त्यांना सेनेटच्या चौकशी समितीपुढे उभे केले गेले, आणि पुढे त्या कुटुंबाने देश सोडून कॅनडात वस्ती केली. प्रसिद्ध छायाचित्राच्या चौकटीत या बाई नाहीत.

आता त्या दोन मुलींविषयी. छायाचित्र क्षणाचे असते, पण ज्यांचे असते त्यांना ते जन्मभर सोडीत नाही. एलिझाबेथला त्या शाळेतून पदवी घेता आली नाही. तिने पुढे शिक्षण पुरे केले, पाच वर्षे सैन्यात नोकरी केली, आणि कालांतराने लिटल रॉकलाच परतून न्यायालयाच्या कामात अधिकारी झाली. परंतु त्या वर्षाने तिच्या मनावर केलेले घाव खोल होते. दीर्घकाळ तिला मानसिक विकाराने ग्रासले होते व पुष्कळ वर्षे ती त्या दिवसाविषयी बोलूही शकत नसे. जग तिला धैर्याची मूर्ती म्हणून ओळखत होते आणि ती घरात एकटी बसून होती. आपण अशा चित्रांकडे पाहून धन्य धन्य म्हणतो, तेव्हा त्या धैर्याची किंमत कोणी व किती दिवस चुकविली याची चौकशी करीत नाही.

हेझल ब्रायनला तिच्या आईबापांनी लवकरच त्या शाळेतून काढून दुसरीकडे घातले. म्हणजे ज्या मुलीवर ती ओरडली तिच्यासह ती एका वर्गात कधी बसलीच नाही. पाच-सहा वर्षांनी, लग्न होऊन मुले झाल्यावर, तिने दूरध्वनी करून एलिझाबेथची क्षमा मागितली. वृत्तपत्रांस तिने ते कळविले नाही. पण छायाचित्रातील तोंड मात्र उघडेच राहिले, आणि तिच्या मुलाबाळांनी ते पुस्तकांत पाहिले. पंधराव्या वर्षी केलेल्या कृत्याने साऱ्या जन्माची ओळख ठरावी काय, हा प्रश्न आम्हांस पडतो. तथापि याच्या उत्तरात घाई करू नये, हे पुढील घटनांवरून कळते.

१९९७ साली त्या घटनेस चाळीस वर्षे झाली. मूळचे आर्कान्सॉचेच असलेले राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शाळेचे दार आपल्या हातांनी उघडून धरले व नऊही जण, आता पन्नाशीच्या पुढे-मागे असलेले, आत गेले. त्या सुमारास काउंट्सने दोघी स्त्रियांची भेट घडवून शाळेसमोर त्यांचे हसऱ्या मुद्रेचे नवे छायाचित्र घेतले. त्याचे भित्तिचित्र ‘समेट’ अशा अर्थाच्या नावाने हातोहात खपले. दोघींची खरोखरच मैत्री जमली. त्या एकत्र फिरत, सभांतून बोलत. परंतु काही वर्षांतच ती विरली. एलिझाबेथला वाटे की, हेझल सर्व गोष्ट सांगत नाही, त्या दिवशीचे आपल्याला नीट आठवत नाही म्हणते. हेझलला वाटे की, कितीही केले तरी आपल्याला क्षमा नाही, आणि गोऱ्या लोकांनाही आपण नकोशा झालो आहो. शेवटी एलिझाबेथच्या इच्छेवरून त्या भित्तिचित्रावर एक छोटी चिठ्ठी चिकटविण्यात येऊ लागली. तिचा आशय असा की, आपला दुःखद परंतु सामाईक भूतकाळ प्रामाणिकपणे मान्य केला तरच खरा समेट होऊ शकतो.

आम्हांस त्या मैत्रीच्या भंगाचे दुःख होते, पण नवल वाटत नाही. पंधरा वर्षांच्या ज्या मुलीने जमावासमोर खोटे हसू आणले नाही, तिने साठीच्या घरात आल्यावर कॅमेऱ्यासमोर ते का आणावे? पाहणाऱ्यांना गोड शेवट हवा होता. तो तिने दिला नाही. आमच्या मते हाही त्याच धैर्याचा भाग होय.

१९९९ साली अमेरिकेच्या संसदेने नऊही जणांस सुवर्णपदक अर्पण केले. सेंट्रल हायस्कूल राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले आहे, तथापि ते कुलूपबंद स्मारक झालेले नाही. तेथे वर्ग भरतात, घंटा वाजते व काळी-गोरी मुले एकाच दाराने आत जातात. काउंट्स २००१ साली वारला. २०१८ साली ४ सप्टेंबर रोजी, एलिझाबेथच्या उपस्थितीत, ज्या थांब्यावर ती त्या सकाळी जाऊन बसली होती तेथे तसेच एक नवे बाक बसविण्यात आले. ते बनविण्याच्या कामी त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी हात लावले होते.